आमच्या जीजाजींची अधाशी पेशी

कॅन्सरच्या पेशीची बाजू घेऊन भांडणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. बाकीचे लोक त्या रोगाचं नाव काढतानासुद्धा आवाज खाली करतात. आमच्या झाशीत तर जुन्या बायका नावच घेत नाहीत, 'वो वाली बीमारी' म्हणतात आणि कानाच्या पाळीला हात लावतात. पण आमचे जीजाजी तिच्याबद्दल बोलायला लागले की एखाद्या मास्तरांनी वर्गातल्या वाह्यात पण हुशार पोराबद्दल बोलावं तसे बोलतात. "वाईट आहे, मान्य. पण मूर्ख नाही हो ती," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवतात, आणि चष्मा कपाळावर चढला की ऐकणाऱ्याने पुढच्या तासाभराची कामं रद्द करावीत. एकदा आमच्या मावशीने त्या पेशीला 'मेली' म्हटलं, तर जीजाजी अगदी गंभीरपणे म्हणाले, "मरत नाही, हीच तर तिची खुबी आहे." मावशी त्यानंतर त्यांच्याशी फक्त हवापाण्यावर बोलायची.

महाराष्ट्रात बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण आमचे वडील रेल्वेत गार्ड म्हणून खानदेशातून इकडे आले, आम्ही भावंडं रेल्वे कॉलनीत हिंदी पोरांत वाढलो, त्यामुळे आमच्या तोंडात जीजाजीच बसलं. ते स्वतः मात्र झाशीतल्याच दतिया गेटाजवळच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्याकडे अजून ताक वाढायला ओगराळं मागतात, आणि आमच्याकडे 'जरा चमचा दे ना यार' याच्यापुढे मराठीची मजल जात नाही. ताईला बघायला ते आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "आपण नेमकं काय करता?" त्यावर ते म्हणाले, "पेशी साखर कशी खाते ते बघतो." वडिलांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलनीभर सांगत सुटले की मुलगा साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. ताईला तिचं मत विचारलं तर ती म्हणाली, "चालेल. खोटं बोलायची त्यांना अक्कल दिसत नाही." लग्न ठरलं.

साखर कारखान्याचा गैरसमज पहिल्या दिवाळसणाला फिटला. जीजाजींनी वडिलांना समोर बसवून, त्यांना कळेल अशा भाषेत, आपलं काम समजावून दिलं. पेशीला बाहेरून इशारा येतो, वाढ. दुसरा येतो, थांब. आपल्या अंगातल्या भल्या पेशी हे इशारे पाळतात. ह्या पेशीत मात्र हिरवा सिग्नल पडतो तो पडूनच राहतो, मग ती वाढत सुटते, आणि वाढायचं म्हणून वखवखल्यासारखी साखर मागते. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून सिग्नल बघितलेला माणूस तो. "सिग्नल हिरवा अडकलाय? मग केबिनमन काय करतोय?" जीजाजी खूष होऊन म्हणाले, "केबिनमनच बिघडलाय!" वडील गरजले, "मग त्याला चार्जशीट दिली की नाही?" तेव्हापासून दर फोनवर, नातवंडांची चौकशी करायच्या आधी, वडील विचारायचे, "त्या केबिनमनचं काय झालं?" आणि जीजाजी प्रामाणिकपणे सांगायचे, "चौकशी चालू आहे." वडील गेले तोपर्यंत चौकशी चालूच होती.

जीजाजींची सगळी नोकरी दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत झाली. तिथे त्यांच्या पेशी काचेच्या कपाटात उबेला ठेवलेल्या असायच्या, पसरट ताटल्यांमध्ये, गुलाबी पाण्यात. ते गुलाबी पाणी म्हणजे त्यांचं जेवण. ते ठरलेल्या वेळी बदलावं लागतं, आणि ते बदलण्याच्या बाबतीत जीजाजी कुणावर विश्वास ठेवत नसत. स्वतःचा डबा सकाळी नेलेला संध्याकाळी तसाच परत आणणारा हा माणूस पेशींच्या जेवणाला कधी चुकला नाही. माझ्या लग्नाला ताई आणि मुलं आली, जीजाजी आले नाहीत. का, तर "पेशींना जेवायला घालायचंय." आमच्याकडचे लोक विचारत राहिले की हे पेशी म्हणजे घरातले कोण, आजारी आहेत का. ताई हसून सांगायची, "माझी सवत आहे. फार खादाड आहे." पण ताईच्या आवाजात तक्रार नसायची, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जायला काळीज लागतं. त्यांचा एक नियम आहे. काहीही नवीन करून बघायचं तर एक जागा तशीच, काही न करता ठेवायची, म्हणजे फरक कळतो. याला ते 'कंट्रोल' म्हणतात. ताईने लोणच्याची नवी कृती केली की एक बरणी जुन्या कृतीची घालावीच लागते. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. सकाळी उठलो तेव्हा माझं तोंड मोदकासारखं फुगलेलं आणि हातापायांवर गांधी. शेजारच्या खोलीत मुलं शांत झोपून ताजीतवानी उठली होती. जीजाजींनी माझी अत्यंत आपुलकीने पाहणी केली, मुलांची केली, आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे ती नवीन मच्छरवाली कॉइल काम करते." मी विचारलं, "आणि माझ्या खोलीत?" "तू कंट्रोल होतास, सालेसाहेब." वर असंही म्हणाले की माझ्या सहकार्याबद्दल ते ऋणी आहेत.

त्यांचा दुसरा गुण असा की त्यांच्या तोंडून सरळ वाक्य निघत नाही. निघालं तरी त्याच्या शेपटाला काहीतरी बांधलेलं असतं. "पाऊस पडतोय" असं आपण म्हणावं, तर ते खिडकीतून वाकून बघून म्हणतात, "आपल्या अंगणात पडतोय, एवढं नक्की." भाजी छान झाली का, असं ताईने विचारलं की, "आजच्या भुकेला छान लागली." त्यांच्या मुलीच्या लग्नात वराच्या काकांनी सहज विचारलं, "मुलगी सुखी राहील ना आमच्याकडे?" म्हणजे त्यांनी हात जोडून 'का नाही राहणार' म्हणावं, एवढीच अपेक्षा. जीजाजींनी चष्मा कपाळावर चढवला. ताईने तो हात वरच्यावर धरला, चष्मा खाली ओढला आणि म्हणाली, "सुखी राहील." लग्न पार पडलं ते असं.

जेवणाच्या टेबलावर मात्र ते मोकळे व्हायचे. दिवसभर जे काही पाहिलं असेल ते सगळं ताईला सांगायचे. आज अमुक ताटलीतली साखर काढून घेतली, आज तमुक इशारा अडवला, मग पेशी काय म्हणाली. ताई मटार सोलत किंवा तांदूळ निवडत "हं, हं" करायची. तिचं शिक्षण आमच्यासारखंच, झाशीच्या हिंदी शाळेतलं, आणि विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंत. एकदा जीजाजींना शंका आली की ही ऐकते तरी का. म्हणून त्यांनी नेहमीच्याच सुरात सांगितलं, "आज तिसऱ्या ताटलीतल्या पेशीने लग्न केलं." ताई म्हणाली, "बरं." जीजाजींनी त्यावरून निष्कर्ष काढला की आपली बायको आपलं एक अक्षरही ऐकत नाही, आणि मला मोठ्या विनोदाने हा किस्सा सांगितला. एकाच प्रयोगावरून, तोही कंट्रोलशिवाय, निष्कर्ष काढण्याची त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव वेळ असावी.

त्यांनी शोध काय लावला, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. एवढं कळतं की त्या अधाशी पेशीला साखर मागायचा हुकूम जिथून सुटतो, त्या साखळीतली एक कडी त्यांनी जन्मभर धरून ठेवली होती. मग परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने, भरपूर माणसं आणि भरपूर यंत्रं लावून, सगळी साखळीच एकदम मांडली. त्यात जीजाजींची कडीही होती, पण त्यांचं नाव कुठेतरी तळाशी, बारीक अक्षरांत. जीजाजी म्हणाले, "बरोबर निघालं ना? मग झालं तर." आणि जेवायला बसले. ताई जेवली नाही. ती त्या प्रयोगशाळेला, त्या देशाला आणि तिथल्या हवामानाला इतकं बोलली की जीजाजींना वाटलं हिला आज दुसरंच काही झालंय. त्या नावामागची तिची चीड त्यांच्या ध्यानातच आली नाही.

रिटायर झाल्यावर ताईच्या हट्टापायी त्यांनी झाशीला, आमच्याच नगरा मोहल्ल्यात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं. दारावर नावापुढे 'डॉ.' लावायची चूक केली. आठवड्याभरात गल्लीत बातमी पसरली की कैंसरवाले डॉक्टर साहब आलेत. लोक पिशव्यांत एक्स-रेच्या फिल्मा घेऊन येऊ लागले. "मैं वो वाला डॉक्टर नहीं हूँ," असं हे कळवळून सांगायचे, आणि लोकांना वाटायचं, किती विनम्र माणूस आहे! शेवटी ते येणाऱ्याला बसवून पाणी द्यायचे, सगळे कागद वाचायचे, आणि कुठल्या इस्पितळात कुठल्या खोलीसमोर रांग लावायची ते समजावून पाठवायचे. एकदा चिरगावहून एक शेतकरी बसने आला. "डाक्टर साब, गाँठ है सींग में." जीजाजींनी विचारलं, "किसके सींग में?" "हमाए बैल के." इतर सगळ्या आल्या-गेल्यांना आपण तो डॉक्टर नाही म्हणणारे जीजाजी या वेळी तडक उठून चपला घालू लागले. शिंगाचा कॅन्सर त्यांनी फक्त पुस्तकात वाचला होता. चिरगावला जाऊन, बैलाला नमस्कार करून, तिथल्या जनावरांच्या डॉक्टरशी त्याची गाठ घालून संध्याकाळी परतले ते हातात मटारची गोणी घेऊन. महिनाभर आम्ही दोन्ही घरं मटार खात होतो.

त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचं व्याख्यान ठेवलं. मंडळात आता मोजकी घरं उरलीत, आणि व्याख्यानाला येणारे बहुतेक लोक आरतीनंतरच्या प्रसादासाठी थांबलेले असतात. पण त्या दिवशी जीजाजी रंगले. ती अधाशी पेशी, तो बिघडलेला केबिनमन, ते साखरेसाठी वखवखणं, सगळं असं उभं केलं की प्रसादाचे पेढे ताटात तसेच राहिले. त्यावरूनच काय ते समजायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून नगऱ्यातल्या मराठी घरांत चहा बिनसाखरेचा. तिसऱ्या दिवशी ते लोण शेजारच्या मिश्राइनपर्यंत पोचलं. "काए डाक्टर साब, शक्कर बिलकुल बंद कर दें? हमाए घर में तो सबने छोड़ दई." जीजाजी हादरले. "अहो, मी असं म्हणालोच नव्हतो! मी ताटलीतल्या पेशीबद्दल बोलत होतो. अंगात फार वेगळं चालतं." ते छत्री घेऊन निघाले आणि घरोघर जाऊन बेलचं बटण दाबून आपलं व्याख्यान परत घेत फिरले. प्रत्येक घरात समोर बसून साखर घातलेला चहा प्यायचे, म्हणजे लोकांची खात्री पटावी. संध्याकाळी पोट बिघडवून घरी आले. झाडून सगळ्या नगऱ्याला सांगून झालं होतं, फक्त स्वतःच्या घरात सांगायचं राहिलं होतं. तिथे सांगायची गरजच काय, तिथे तर कुणी ऐकत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर ताईला गाठ लागली.

ग्वाल्हेरला ऑपरेशन झालं, कीमो सुरू झाली. जीजाजींचं मी काय सांगू. ज्या विषयावर त्यांनी जन्म काढला तो विषय घरात येऊन बसला तेव्हा ते त्या विषयावर एक शब्द बोलेनासे झाले. टेबलावर आता ते हवापाण्यावर बोलायचे. ताईचं वजन उतरत चाललं. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आमच्या सौ.ने शिरा, खीर, लापशी, काय काय करून पाठवायचा सपाटा लावला. भांडी रिकामी होऊन, धुऊन परत यायची, आणि ताईचं उतरणं काही थांबेना. ग्वाल्हेरचे डॉक्टर म्हणाले, औषधाने इतकी नाही उतरत कुणी, आणि अंगात ताकद आल्याशिवाय पुढची कीमो देणार नाही. जीजाजींनी तिथेच खाली मान घातली. परतताना गाडीत ते मला म्हणाले, "हे उशीर परवडणारं काम नाही रे." शेपटाला काही न बांधलेलं ते वाक्य ऐकून मी घाबरलो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी ताईसाठी तिळगूळ आणि बाजारातले गडियाघुल्ला घेऊन निघालो. आमच्या बुंदेलखंडात संक्रांतीला साखरेचे हत्ती-घोडे मिळतात, ते लहानपणी ताई डोक्यापासून खायला सुरुवात करायची. दुपारची वेळ, ती झोपली असेल, बेलने जागी होईल म्हणून मी मागच्या गल्लीने गेलो. मागच्या फाटकाशी ताई उभी होती. हातात आमच्याच घरचं पातेलं, आणि समोर गल्लीतली भटकी गाय खीर खात होती. खात होती ती पाहुण्यासारखी नाही, रोजची हक्काची पंगत असल्यासारखी. तिच्याकडे नीट बघितलं तेव्हा कळलं की नगऱ्यातल्या साऱ्या गायी थंडीत वाळलेल्या असताना ही एकटीच कशी गुटगुटीत दिसतेय. मला बघून ताईने ओठांवर बोट ठेवलं. "त्यांना सांगू नकोस हां."

मी सरळ पुढच्या व्हरांड्यात जाऊन त्यांना सांगितलं.

ते स्वयंपाकघरात आले. ताई पातेलं विसळत होती. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं. "ऑपरेशन झाल्यापासून." "मग खातेस काय?" "काकडी. थोडं वरणाचं पाणी." "का पण?" तेव्हा ताई वळली आणि शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखी सांगू लागली. "का म्हणजे? तुम्हीच सांगितलंय ना. भल्या पेशी साखर पुरवून पुरवून नीट जाळतात. ही घाईघाईने अर्धवट खाते, खरकटं टाकते आणि पुन्हा मागते. मागायचा हुकूम केबिनमन देतो, आणि त्याला थांब म्हणणारा जागेवरून उठून गेलेला असतो. मग दाणापाणीच बंद केलं तर? तुमच्या ताटलीतली साखर काढून घेतली की मरायच्या. पहिल्यांदा मेल्या त्या दिवशी तुम्ही घरी जिलेबी आणली होती. मी तिला उपाशी मारतेय."

मी जीजाजींकडे बघितलं. ते गव्हाच्या डब्यावर बसले होते, म्हणजे जे जवळ होतं त्यावर बसले होते.

"तू ऐकत होतीस?"

"मग काय मटार सोलताना कान बंद ठेवत होते?"

"आणि त्या दिवशी, पेशीने लग्न केलं म्हणालो, तेव्हा 'बरं' म्हणालीस ते?"

"तुम्ही थट्टा करत होता. चेहरा एवढा खुशीत होता, म्हटलं करू द्यावी."

 जीजाजी समजावायला लागले, आणि मी त्यांना इतकं चाचरताना कधी बघितलं नव्हतं. ताटलीत पेशी एकटी असते, म्हणाले. तिला आपण देऊ तेवढंच मिळतं. माणसाच्या अंगात तसं नसतं. तिथे साखर नाही मिळाली तर ती दुसरं काही खाते, दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेते. उपाशी राहिल्याने ती नाही मरत, आधी तू मरशील. औषध तिला मारेल, पण ते सोसायला तू उभी राहायला हवीस.

ताईचा चेहरा पडला. मला वाटलं ती घाबरली. पण ती घाबरली नव्हती, तिला राग आला होता. "म्हणजे तुम्ही केलंत ते खोटं?"

"खोटं नाही. लहान आहे. मी एक लहानशी गोष्ट पाहिली, ती खरी आहे. पण तिच्या भरवशावर तुला उपाशी ठेवावं, एवढी मोठी नाही ती."

"एवढी वर्षं तुम्ही स्वतः न जेवता त्यांना जेवू घातलंत, आणि ती लहान?"

"हो."

ताईने पातेलं ओट्यावर ठेवलं. पदराने हात पुसले, आणि मग जे म्हणाली ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "त्या लोकांनी तुमचं नाव तळाला टाकलं. मंडळातल्यांनी ऐकलं न ऐकलं, तुम्ही आपलं बोलणंच परत घेऊन आलात. मी म्हटलं, एकदा माझ्यावर तरी तुमचं खरं ठरू दे. डॉक्टरांना सांगता आलं असतं, ह्यांच्यामुळे बरी झाले."

ज्या माणसाने आपल्या कामाबद्दल कुणाकडून शाबासकीची कधी वाट पाहिली नाही, त्याला ती सगळी एकदम, ह्या असल्या वेळी, स्वयंपाकघरात मिळाली. आणि ती हातात घेता न घेता परत द्यायची होती. जीजाजी रडले. मीही रडलो. ताई तेवढी कोरडी उभी होती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग मी खाल्लं, तर बरी होईन का?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. चष्मा आता कपाळावर जाईल, अंगणापुरता पाऊस आता पडेल, याची मी वाट बघत होतो. त्यांना आकडे ठाऊक होते, तिच्या गाठीची जात ठाऊक होती, काय होऊ शकतं आणि काय नाही हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हो," जीजाजी म्हणाले.

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पुढे काही येत नाही अशी खात्री झाल्यावर तिने माझ्या हातातला पुडा घेतला, त्यातला साखरेचा घोडा काढला आणि त्याचं डोकं कडकन तोडलं. मग ती हळूहळू खायला लागली. त्यानंतर खीर गायीला मिळाली नाही. ती बिचारी बरेच दिवस फाटकाशी येऊन हंबरत राहायची. महिन्याभराने ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी पुढची कीमो दिली, तिच्या पुढचीही दिली, आणि उन्हाळा संपता संपता सगळ्या कीमो संपल्या. केस परत आले ते कुरळे आले. यावर जीजाजींनी काही बोलायच्या आत ताईनेच त्यांना सांगितलं की असं होतं.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा जीजाजी फाटकाशी उभे होते. आत ताई कामवालीशी हिंदीत कडाकडा भांडत होती, म्हणजे तब्येत उत्तम होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "जीजाजी, त्या दिवशी तुम्ही 'हो' म्हणालात, ते कशाच्या आधारावर?"

"कशाच्याच नाही," ते म्हणाले. "आयुष्यात तेवढं एकच वाक्य मी पुराव्याशिवाय बोललो." मग आतल्या भांडणाकडे कान देत थोडे थांबले. "तेव्हापासून भीती वाटते रे. रोज तिच्या आधी उठतो आणि बसून राहतो. ती उठते, चहा ठेवते, माझ्यावर कशावरून तरी खेकसते. मग वाटतं, चला, आजच्या दिवसापुरतं तरी मी खोटं बोललो नाही."